घर मिळाल्यानंतरचा हिशेब

उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त पैसा घरावर जात नसेल तर ते घर परवडणारं, असं एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी नागरी अर्थशास्त्राच्या तासाला फळ्यावर लिहिलं गेलं आणि आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. हा आकडा आला कुठून, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. पुढे पीएच.डी.च्या वाचनात त्याचा माग लागला. अमेरिकेत १९६९ साली सरकारी घरांतल्या भाडेकरूंकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून जास्त भाडं घ्यायचं नाही असं ठरलं, आणि १९८१ मध्ये ती मर्यादा ३० टक्क्यांवर गेली. एका देशातल्या सरकारी भाड्याची ही कमाल मर्यादा पाठ्यपुस्तकांतून फिरत फिरत आमच्या फळ्यावर येऊन पोचली होती.

आकड्यातला दोष साध्या गणितानं दिसतो. समजा, एका पाच माणसांच्या घरात महिन्याला १५,००० रुपये येतात. त्यांनी ४,५०० रुपये भाडं दिलं तर ३० टक्के होतात, म्हणजे घर परवडणारं. उरलेल्या १०,५०० रुपयांत पाच जणांचं खाणं, औषधं, शाळा, प्रवास. दुसऱ्या घरी दीड लाख येतात आणि निम्मे घराच्या हप्त्यात जातात. पुस्तकाप्रमाणे त्यांना घर परवडत नाही, पण त्यांच्या हातात ७५,००० उरतात. मायकेल स्टोन या अमेरिकन अभ्यासकानं हा हिशेब उलट्या बाजूनं मांडला. घरावरचा खर्च वजा केल्यावर उरलेल्या पैशात बाकीच्या गरजा भागतात का, हे बघा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पहिल्या वाचनातच पटलं, कारण माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत सगळे असाच हिशेब करत.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घराघरातून मागाचा खडखडाट आणि ओट्यावर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, हे आमच्याकडचं रोजचं दृश्य. बहुतेकींच्या घरात तेलुगू बोलली जायची, रस्त्यावर मराठी. या बायकांसाठी शहराबाहेर कुंभारीला कष्टकऱ्यांच्या नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं १०,००० घरांची वसाहत उभी राहिली, २००६ साली तिचं लोकार्पण झालं. कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले होते. आमच्या गल्लीतल्या काहीजणी तिकडे राहायला गेल्या. आपल्या नावाचं घर, त्याचा आनंद मोठा होता आणि तो खराही होता. पण सणावाराला भेटायला आल्या की त्यांच्या बोलण्यात वेगळंच यायचं. विडीचं पान-तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या मोजून द्यायला जवळ सोय आहे का, रिक्षाला किती जातात, मुलगा कुठल्या शाळेत घातला. घर मिळालं हे खरं, पण महिना कसा बसवायचा हा प्रश्न तिथे नव्यानं सुरू झाला होता. माझ्या संशोधनाचा विषय मला तिथेच मिळाला होता, फक्त त्याला विषय म्हणतात हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

मुंबईत एम.ए. झालं, नेट झाली, पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा झाली. माझा पहिला प्रस्ताव घरांच्या किमतींवर होता: मुंबई महानगर प्रदेशात किंमत आणि उत्पन्न यांचं गुणोत्तर कसं बदललं. विषय सुरक्षित होता, तक्ते तयार मिळणार होते. आमच्या सरांनी तो वाचला आणि विचारलं, "किंमत मोजून झाली की तुझं काम संपेल. ज्यांनी घर विकतच घेतलं नाही, ज्यांना ते सरकारकडून मिळालं, त्यांचं काय करणार?" मी कुंभारीच्या बायकांबद्दल सांगितलं. सर म्हणाले, मग हेच लिही. प्रस्ताव पुन्हा लिहिला आणि संशोधन समितीपुढे मांडला. एका सदस्यांनी विचारलं की हा प्रबंध अर्थशास्त्राचा आहे की समाजकार्याचा. प्रश्न रोखठोक होता, आणि त्याचं उत्तर देण्यासाठी मला माझी पद्धत नीट बांधावी लागली. कुटुंबाच्या खर्चाचा अभ्यास हा अर्थशास्त्राचा फार जुना प्रांत आहे. पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची घरोघर पाहणी केली, ती याच परंपरेतली. मी त्यांचा दाखला दिला. प्रस्ताव मंजूर झाला.

पहिलं वर्ष जुन्या कागदांत गेलं. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. तिथे मी मुंबईच्या घरांचा इतिहास वाचला, आणि कोणत्याही गृहनिर्माण अभ्यासकानं तिथे काही महिने काढावेत असं मला मनापासून वाटतं. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्यानं गलिच्छ वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले. पण उठवलेल्या माणसांनी जायचं कुठे? मग १९२० नंतर गव्हर्नर लॉइडच्या काळात सरकारनं स्वतःच चाळी बांधायला घेतल्या. बेत ५०,००० खोल्यांचा होता. कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवून पैसा उभा केला गेला. वरळी, नायगाव, शिवडी आणि आज ज्याला ना. म. जोशी मार्ग म्हणतात तिथे मिळून २०७ चाळी झाल्या, खोल्या सुमारे १६,०००. याच त्या बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या चाळी, १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या. आता त्यांतल्या बहुतेकांचा पुनर्विकास चालू आहे आणि तिथल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत.

मला खिळवून ठेवलं ते वेगळ्याच नोंदींनी. बांधून झाल्यावर विसाच्या दशकात या खोल्यांपैकी कितीतरी रिकाम्या पडून होत्या. शहरात एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं राहत होती आणि सरकारी खोल्यांना माणसं मिळत नव्हती. भाडं जास्त, वरळीसारख्या ठिकाणाहून गिरण्या लांब, सोयी अपुऱ्या. कामगारानं आपला हिशेब केला होता आणि त्या हिशेबात ती खोली बसत नव्हती. पुढे २०११च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी आढळली, आणि त्याच जनगणनेप्रमाणे शहरातली चाळीस टक्क्यांहून अधिक कुटुंबं झोपडपट्टीत होती. या दोन नोंदींच्या मध्ये जवळजवळ नव्वद वर्षं आहेत. घरांची टंचाई आणि रिकामी घरं एकाच शहरात शेजारी शेजारी राहतात. तेव्हा "घरं कमी पडतात, म्हणून आणखी बांधा" एवढ्यानं प्रश्न सुटत नाही, हे माझ्या मनात पक्कं झालं ते पुराभिलेखागारातल्या त्या टेबलावर.

भाडे नियंत्रणाचा इतिहास मी इथे थोडक्यात सांगते, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. १९४७चा कायदा आला आणि जुन्या इमारतींची भाडी १९४०च्या पातळीवर बांधली गेली. मालकाला दुरुस्ती परवडेना, पागडी, म्हणजे खोली घेताना द्यायची एकरकमी रक्कम, वाढली, इमारती खचल्या. १९६९ मध्ये उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं, १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत आल्या. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोठवलेल्या भाड्यावर ताशेरे ओढले, मग १९९९चा नवा कायदा आणि वर्षाला ४ टक्के वाढ. या कायद्याला सगळ्या दुखण्याचं मूळ मानणारे अर्थतज्ज्ञ मी खूप ऐकलेत. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. मुंबईच्या गिरणगावातला कामगार गिरणी संपाच्या काळात, १९८२ नंतर, पगाराशिवाय शहरात टिकून राहिला तो त्या किरकोळ भाड्याच्या खोलीमुळे. मालकाचं नुकसान झालं हे खरं आहे. त्या भाड्यानं लाखो माणसांना शहरात धरून ठेवलं हेही खरं आहे, आणि दुसरी गोष्ट कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

मग आकडे गोळा करण्याचं काम. परवडण्यावर संशोधन करायचं तर किंमत हवी, भाडं हवं, उत्पन्न हवं. तिन्ही मिळवणं कठीण. किमतीसाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या दस्तांची सूची क्रमांक २ असते, सगळे तिला इंडेक्स टू म्हणतात. त्यातली रक्कम रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दराच्या, आसपास घुटमळते, कारण मुद्रांक शुल्क त्या दराखाली लागत नाही. रोखीचा व्यवहार त्यात उमटत नाही. उत्पन्न कोणी खरं सांगत नाही, आणि रोजंदारीवर काम करणाऱ्याला ते खरं सांगताही येत नाही, कारण पावसाळ्यात वेगळं आणि दिवाळीत वेगळं. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या पात्रता याद्या, म्हणजे परिशिष्ट-२, माहिती अधिकारात मागवल्या. एका कार्यालयानं माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नसल्याचं कळवलं. अपील केलं, काही कागद मिळाले, काही नाही.

आणि भाडं! ते मोजणं तर सगळ्यात अवघड. मुंबईत कष्टकरी वस्त्यांमध्ये हेवी डिपॉझिटवर घर घेण्याची पद्धत आहे. घरमालकाला एकरकमी दोन-तीन लाख द्यायचे, महिन्याचं भाडं शून्य किंवा नाममात्र, घर सोडताना रक्कम परत. प्रश्नावलीत "मासिक भाडे" या रकान्यात अशा कुटुंबापुढे शून्य येतं. शून्य भाडं म्हणजे सर्वात परवडणारं घर. प्रत्यक्षात ती रक्कम दागिने गहाण ठेवून, भिशी उचलून, नातेवाइकांकडून व्याजानं आणलेली असते, आणि त्या व्याजाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला जातो. पहिल्या चाचणी पाहणीतच हे लक्षात आलं आणि मी प्रश्नावली बदलली. डिपॉझिट किती, ते कुठून आणलं, त्यावर व्याज किती, परत मिळाल्यावर त्याचं काय करणार असे चार प्रश्न घातले. माझ्या प्रबंधातलं माझ्या मते सगळ्यात उपयोगी काम तेच आहे.

क्षेत्रकाम मी चेंबूर-गोवंडीच्या पट्ट्यातल्या एका झोपु इमारतीत केलं. झोपु म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजना, १९९५ पासूनची. योजनेचं तत्त्व असं की, पात्र झोपडीधारकाला फुकट घर, सुरुवातीला २२५ चौरस फुटांचं, नंतर २६९ आणि आता ३००. विकासकाला त्या बदल्यात वाढीव चटई क्षेत्र, म्हणजे जास्तीचं बांधकाम, ते बाजारात विकून तो खर्च भरून काढणार. सरकारच्या तिजोरीतून पैसा जात नाही म्हणून ही योजना राज्यकर्त्यांना नेहमी आवडत आली. हेक्टरी किमान ५०० घरं बसवायची म्हणून इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. खालच्या मजल्यांवर दुपारी बाराला दिवा लावावा लागे.

मी तिथल्या बायकांना खर्चाच्या वह्या दिल्या. रोज जे खर्च होईल ते लिहायचं, ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या मुलींनी लिहायचं. मी आठवड्याला जाऊन बसायची. आधी मला मॅडम म्हणत, मग ताई म्हणायला लागल्या. एका मावशींनी पहिल्याच भेटीत मला उलट विचारलं, "तुझं घर कुठं, भाडं किती?" मी डोंबिवलीला दोघींबरोबर खोली घेऊन राहते आणि शिष्यवृत्तीतला एवढा वाटा भाड्यात जातो असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग लग्न ठरलं तर कुठं राहशील?" त्या दिवसापासून संभाषण खुललं. दोन्ही बाजूंनी हिशेब मांडला गेला की माणसं खरं बोलतात, असा माझा अनुभव आहे. पद्धतिशास्त्राच्या पुस्तकांत संशोधकानं स्वतःबद्दल कमी बोलावं असं लिहिलेलं असतं. मला ते या कामात कधीच पटलं नाही.

वह्यांमधून काय निघालं? घर फुकट, पण घरात राहणं फुकट नाही. झोपडीत असताना मेंटेनन्स ही गोष्टच नव्हती. इथे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, सफाई, पालिकेचा कर, सगळ्याची वर्गणी. विकासकानं दर सदनिकेमागे जो निधी ठेवायचा, तो मूळ नियमात २०,००० रुपये होता. त्याच्या व्याजावर अनेक मजली इमारत चालत नाही, हे कागदावरसुद्धा दिसतं. वर्गणी थकली की लिफ्ट बंद पडते. लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचं खाली येणं थांबतं आणि भाजीवाल्याला, गॅसवाल्याला वर बोलवायचे पैसे पडतात. पूर्वी दारातच पापड वाळत, इडलीचं पीठ विकलं जाई, शिवणयंत्र ओट्यावर असे आणि गिऱ्हाईक चालत येई. सहाव्या मजल्यावर गिऱ्हाईक येत नाही. म्हणजे एका बाजूनं खर्च वाढला आणि दुसऱ्या बाजूनं बाईची कमाई आटली. उत्पन्नाचा रकाना आणि घरखर्चाचा रकाना वेगळे ठेवून हे पकडताच येत नाही. घरानंच उत्पन्न बदललेलं असतं.

वह्यांवर काम करताना मला रोज एकच निवाडा करावा लागे. मुलाच्या शाळेच्या रिक्षाचे पैसे घराचा खर्च धरायचे की शिक्षणाचा? जुन्या वस्तीतून तो चालत जात होता. अंधाऱ्या खोलीतला वाढलेला वीजवापर? दमट भिंतींमुळे लागलेला खोकला आणि त्याची औषधं? मी शेवटी नियम केला: जो खर्च जागा बदलल्यामुळे सुरू झाला किंवा वाढला, तो घराचा. सरांनी यावर बरीच हुज्जत घातली. जागा बदलली नसती तर काय झालं असतं हे तुला कसं कळणार, असा त्यांचा आक्षेप. तो रास्त होता. म्हणून शेजारच्या, अजून पुनर्वसन न झालेल्या वस्तीतही मी तशाच वह्या दिल्या आणि दोन्ही ठिकाणचे महिने शेजारी ठेवले. काम दुप्पट झालं, मुदतवाढ मागावी लागली. त्याचं मला वाईट वाटत नाही.

अशा इमारतीतली घरं विकून किंवा भाड्यानं देऊन माणसं परत झोपडीत जातात, ही तक्रार मी अधिकाऱ्यांकडून, पत्रकारांकडून, माझ्या प्राध्यापकांकडूनही ऐकली आहे. तिच्यात नेहमी एक सूर असतो, की या लोकांना घराची किंमत नाही. त्या वह्या वाचलेल्या माणसाला हा सूर ऐकवत नाही. दवाखान्याचं बिल, मुलीचं लग्न, बंद पडलेला धंदा, थकलेला मेंटेनन्स, यांतून निघायला त्या कुटुंबाकडे एकच मोठी वस्तू असते, ती म्हणजे घर. त्यांचा निर्णय पूर्ण हिशेबानं घेतलेला असतो. चूक शोधायचीच असेल तर घराची चावी दिल्यावर हिशेब थांबवणाऱ्या योजनेत शोधावी.

मुंबईतल्या माहुलचं प्रकरण याच काळात गाजत होतं. जलवाहिनीच्या बाजूनं उठवलेल्या कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या इमारतींत पाठवलं गेलं. तिथली हवा राहण्याजोगी नाही म्हणून रहिवासी न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं तिथे राहायला नकार देणाऱ्या कुटुंबांना दरमहा १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये डिपॉझिट द्यायचा आदेश दिला. माझ्या दृष्टीनं त्या आदेशाचं मोल फार मोठं आहे. फुकट मिळालेलं घरही माणसाला न परवडणारं असू शकतं, कारण त्याची किंमत शरीरानं मोजावी लागते, हे तिथे मान्य झालं.

प्रबंध सादर झाला, मौखिक परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की एवढ्या थोड्या घरांवरून तुम्ही राज्याच्या धोरणाला काय सांगणार. मी म्हटलं, किती घरांत असं घडतं हे माझा प्रबंध सांगत नाही. काय मोजलं जात नाही, तेवढं सांगतो. राष्ट्रीय नमुना पाहणीत हे प्रश्न घातले तर किती हेही कळेल. ते समाधानी दिसले. पदवी मिळाली.

त्याआधी मी एक गोष्ट केली. प्रबंधाचा सारांश मराठीत लिहून त्या सोसायटीच्या ऑफिसात वाचून दाखवला. बायकांनी दोन ठिकाणी मला थांबवून दुरुस्त्या सांगितल्या. पाण्याच्या टँकरचा खर्च मी कमी धरला होता असं त्यांचं म्हणणं, आणि वह्या पुन्हा चाळल्यावर त्या महिन्यांत खरंच काही पानं कोरी निघाली. शेवटी मावशींनी विचारलं, "आता मेंटेनन्स कमी होणार का?" मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि चहा सांगितला. शोधनिबंध इंग्रजीत छापून येतो, पण ज्यांच्या वह्यांवर तो उभा आहे त्यांना तो त्यांच्या भाषेत ऐकायला मिळाला पाहिजे, हा माझा आग्रह आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांकडून मी तो पाळून घेते.

नोकरीचा काळ खडतर होता. कायम जागा निघत नव्हत्या. तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवलं. सुट्टीत तासिका नाहीत म्हणजे पैसे नाहीत, आणि पैसे उशिरानं येणं नेहमीचंच. मुलाखतींमध्ये प्रकाशनांचे गुण मोजले जात, आणि घरोघर वह्या वाचण्यात गेलेल्या वर्षांना त्या तक्त्यात जागा नव्हती. तयार आकडेवारी उतरवून वर्षाला तीन निबंध लिहिणारा उमेदवार पुढे जाई. मी त्या उमेदवारांना दोष देत नाही. व्यवस्था जे मोजते तेच माणसं करतात. पण याचा परिणाम विषयावर होतो. ज्याची आकडेवारी संकेतस्थळावर मिळते त्यावर शेकडो निबंध आहेत, आणि हेवी डिपॉझिटवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मधल्या काळात एका सल्लागार संस्थेसाठी काम केलं. पंतप्रधान आवास योजना २०१५ मध्ये आली होती आणि प्रत्येक नगरपालिकेला मागणी पाहणी करून कृती आराखडा द्यायचा होता. मी तीन छोट्या शहरांत फिरले. अर्जात विचारलं जाई: भारतात कुठे पक्कं घर नावावर आहे का, वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत की ६ लाखांच्या. मग चार पर्यायांपैकी एकात कुटुंब बसवायचं. जागेवर पुनर्विकास, कर्जावरच्या व्याजात सवलत, भागीदारीतलं घर किंवा स्वतःच्या जागेवर बांधकाम. चारही पर्याय मालकीच्या घराचे. कित्येक जण आम्हाला सांगत की आम्ही इथे चार वर्षांसाठी आलोय, आम्हाला नीट भाड्याचं घर हवंय. त्यांना लिहायला रकाना नव्हता. १९६१ मध्ये शहरी भारतातली निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, घरं भाड्याची होती. २०११ मध्ये ती २८ टक्के उरली. टाळेबंदीत मजूर रस्त्यानं चालत निघाल्यावर २०२० मध्ये भाड्याच्या घरसंकुलांची योजना आली. आता २०२४च्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांना स्वतंत्र स्थान आहे. उशिरा का होईना, आलं हे चांगलं झालं.

आज मी एका विद्यापीठात शिकवते, पीएच.डी.चे विद्यार्थी घेते. आमची मोठी अडचण जनगणनेची. २०२१ची झाली नाही, आता २०२७ची वाट पाहतोय. तोवर घरांबद्दलचं कोणतंही वाक्य २०११ वर टेकतं. २०१२च्या केंद्रीय तज्ज्ञगटानं शहरी भागात १.८७८ कोटी घरांची टंचाई सांगितली, आणि त्यातली ९६ टक्के दुर्बल व अल्प उत्पन्न गटांत. हा आकडा अजून व्याख्यानांत वापरला जातो. त्यातला मोठा हिस्सा बेघरांचा नाही, तर एका खोलीत दाटीवाटीनं राहणाऱ्या कुटुंबांचा आहे, हे मात्र क्वचित सांगितलं जातं. दुसरीकडे, जीएसटीत सवलतीसाठी महानगरात ६० चौरस मीटरपर्यंतचं, ४५ लाखांपर्यंतचं घर परवडणारं धरलं जातं. महिना १५,०००च्या घरात मी एवढी वर्षं बसले आहे. ४५ लाख हा आकडा तिथे उच्चारायचीसुद्धा सोय नाही.

सध्या माझं काम पुन्हा कुंभारीला आलंय. तिथे रे नगरची ३०,००० घरांची वसाहत उभी राहते आहे, त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बायका, रिक्षाचालक, सगळे तिथे आले आहेत. लढून मिळवलेली घरं आहेत ही, आणि देशात असंघटित कामगारांची एवढी मोठी वसाहत क्वचितच असेल. गोदूताई वसाहतीत मागच्या पिढीनं वीस वर्षांत महिना कसा बसवला, ते अनुभव शेजारीच उपलब्ध आहेत. म्हणून आम्ही दोन्हीकडे वह्या दिल्या आहेत, तेलुगू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. निधी दोन वर्षांचा मंजूर झाला. मी दहा मागितली होती, कारण घरकर्ज, शाळा, म्हातारपण हे दोन वर्षांत दिसत नाही. उरलेल्या वर्षांसाठी दरसाल अर्ज करणार आहे.

माझी एक विद्यार्थिनी बदलापूरहून येते. तिला प्रवासाचा वेळ घराच्या खर्चात धरायचाय, पण लोकलमधल्या तीन तासांना रुपयांत कसं मांडायचं यावर आमचं एकमत होत नाही. बाईचे तीन तास तिच्या पगाराच्या दरानं धरावेत असं तिला वाटतं. मी म्हणते, मग कमी पगारवालीचा वेळ स्वस्त ठरेल. तिनं परवा दोन्ही पद्धतींनी केलेले तक्ते आणून टेबलावर ठेवले आहेत. ते अजून वाचायचे आहेत.